मधल्या कॅपचा डावा बोल्ट

पत्र्याच्या ट्रेमध्ये होते ते असे : मेन कॅप पाच, एकापासून पाचपर्यंत मी स्वतः पंचाने आकडे ठोकलेल्या; बेअरिंगची अर्धगोल पाती दहा, त्यांतली आठ राखाडी आणि धड, दोन काळी पडून एकमेकांवर चढलेली; थ्रस्टच्या चकत्या दोन; बोल्ट नऊ. मी पुन्हा मोजले. नऊच. एका कॅपला दोन, पाच कॅपना दहा, यात शंका घ्यायला जागा नव्हती. मी ट्रेखाली पाहिले, रॉकेलच्या डब्यात हात घातला, चुंबक बांधलेली तार जाम झालेल्या इंजिनाच्या पोटातून फिरवली. चुंबकाला दोन वॉशर आणि लोखंडाचा चुरा चिकटून आला. माझ्या मागे बाबा गाडीच्या मालकाशी, भगवंतरावांशी बोलत होते. आवाज नेहमीचा, गिऱ्हाइकाला चहा विचारताना असतो तसा. "पोरीनं आवळलं होतं," ते म्हणाले. "तिच्या हातून चुकलं असंन. मी सोता पुन्हा बांधून देतो."

चुंबकाची तार माझ्या हातात तशीच राहिली. मी वळले नाही. वळले असते तर बाबांचा चेहरा दिसला असता, आणि तो पाहायची मला इच्छा नव्हती. कानांच्या पाळ्या गरम झाल्या एवढे कळले. राग आला की मला आधी तिथे कळतो. शाळेत बाईंनी माझ्या बरोबर आलेल्या गणितावर "कुणाचं पाहून केलंस" असे विचारले होते तेव्हाही तिथेच कळला होता. भगवंतराव म्हणाले, "मंग मले आधीच सांगायचं ना इंद्रभान, का तू पोरीच्या हातानं इंजिन बांधून राह्यला म्हणून. मी बुलडाण्याले आलोच नसतो." हे खोटे होते. इंजिन बांधले त्या दिवशी ते तिथे आले होते. मीच बांधते आहे हे त्यांनी पाहिले होते. भगवंतराव बाबांपेक्षा दहा वर्षांनी लहान आहेत आणि बाबांना इंद्रभान म्हणतात. बाबा त्यांना भगवंतराव म्हणतात, तुमी म्हणतात. हे इतके जुने आहे की दोघांच्याही लक्षात येत नसावे. माझ्या येते.

क्रँक म्हणजे इंजिनातला तो नागमोडी दांडा, ज्यावर पिस्टनचे वरखाली होणे गोल फिरण्यात बदलते. तो पाच ठिकाणी ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या ओतीव धडात बसतो. प्रत्येक ठिकाणी खाली एक पाते, वर एक पाते, त्यावर कॅप, आणि कॅप धरून ठेवणारे दोन बोल्ट. दांडा आणि पाते यांच्यामध्ये केसापेक्षाही कमी जागा असते आणि त्या जागेत तेल. दांडा खरे तर लोखंडाला टेकतच नाही, तेलावर फिरतो. ती जागा किती असावी हे शेवटी ते दहा बोल्ट ठरवतात. सैल राहिले तर कॅप हलते, जास्त आवळले तर गोल भोक लंबगोल होते आणि तेलाला जायला वाट उरत नाही. म्हणून मधल्या कॅपपासून सुरुवात करायची, मग दुसरी, चौथी, मग कडेच्या दोन. आणि हे तीन फेऱ्यांत, दर फेरीला थोडे वाढवत. मी तसेच केले होते. शेवटच्या फेरीला टॉर्कचा पाना, जो ठरलेला जोर लागला की वाजतो, प्रत्येक बोल्टवर एकदा वाजला होता. तो कट् असा आवाज हातात आधी येतो, कानात मग. दहा वेळा वाजला होता. पण बाबांचे ते वाक्य ऐकल्यावर, तिथे पाठमोरी उभी असताना, मी ते दहा आवाज पुन्हा आठवू लागले आणि चौथ्यापाशी अडले. चौथा वाजला होता का? दुसऱ्या कॅपचा उजवा झाल्यावर गॅरेजातल्या सहदेवकाकांनी "पोरी, फोन वाजून राह्यला" असे म्हटले होते. मी फोन घेतला नव्हता. घेतला नव्हता हे नक्की आठवते. तरीही मला स्वतःची उलटतपासणी करावी लागत होती, याचाच मला सर्वात जास्त राग आला. एका माणसाने चहा विचारायच्या आवाजात एक वाक्य टाकावे आणि मी माझ्याच हातांवर संशय घ्यावा.

एमएस्सी झाल्यावर मी चिखली रोडवरच्या या गॅरेजात आले त्याला दोन वर्षे होतील. लोक समजतात, नोकरी लागेपर्यंत समता बापाला मदत करते आहे. मी समजूत दुरुस्त करत नाही, कारण केली तर त्यांना वाईट वाटते, माझ्यासाठी. टॉर्कचा पाना आणला तेव्हा सहदेवकाका, जे बाबांबरोबर पहिल्या दिवसापासून आहेत, म्हणाले होते, "हे काय, थर्मामीटर?" पाना खरे बोलतो की नाही हे मला पाहायचे होते. मी त्याचे चौकोनी टोक टेबलाला बसवलेल्या जड पोलादी वाइसमध्ये, शिकंजात पकडले, दांड्यावर मोजून खूण केली आणि तिथे बादली टांगली. बादलीत मापाने पाणी ओतत गेले. ठरलेल्या वजनाला पाना वाजला, दुसऱ्यांदाही त्याच वजनाला, तिसऱ्यांदाही. बाबा पाहत उभे होते. दुसऱ्या दिवशी तो पाना त्यांनी इतर पान्यांच्या ढिगातून काढून भिंतीवर वेगळ्या खिळ्याला अडकवला. माझ्या घरात कौतुक असे होते. मी ते ओळखते, आणि म्हणूनच आजचे वाक्य मला समजत नव्हते. ज्या माणसाने पान्यासाठी खिळा ठोकला त्याने असे बोलावे.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत छतापासून लोंबणारी एक तार होती. तिला एकेक वजन लावायचे, ती किती लांबते ते मोजायचे, मग वजने एकेक काढायची. काढली की तार आपल्या मूळ लांबीवर परत येते. पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा मला फार बरे वाटले होते. काहीतरी ताणले जाते आणि तरी आपले माप विसरत नाही. मग सरांनी आमच्यासमोर एक जादा वजन लावले. तार तुटली नाही, फक्त थोडी जास्त खाली आली. वजने काढल्यावर ती पूर्वीच्या जागी गेली नाही. बाहेरून पाहता ती तीच तार होती. सर म्हणाले, आता हिच्यावर घेतलेले कुठलेही माप खोटे. बोल्टचेही तसेच. आवळलेला बोल्ट म्हणजे ताणलेली जाड तार, एवढेच. मर्यादेत ताणला तर कॅपला धरून ठेवतो. मर्यादेपलीकडे ताणला तर लांब होतो आणि लांबच राहतो.

इंजिन बांधले त्या दिवशी ब्लॉक स्टँडवर उलटा होता, मी दहा बोल्ट पुरे केले होते आणि इंजिनाच्या तळाचे तेलाचे चेंबर अजून बसवायचे होते. तेवढ्यात भगवंतराव आणि त्यांचा भाचा हरिओम वडनेर भोलजीहून आले, तासभर लवकर. आमच्या गॅरेजात एक पद्धत आहे. इंजिन बांधून झाले की शेवटचा पाना गाडीच्या मालकाने फिरवायचा. दुसरीकडे नारळ फोडतात. बाबा नारळ फोडत नाहीत, त्या जागी हे. लोकांना आवडते. फोटो काढतात, मोबाइलवर गावात पाठवतात. बाबा दर वेळी मालकाच्या हातात लहानसा पाना देतात, चेंबरच्या कडेच्या बोल्टवर, आणि त्याच्या मुठीखाली आपला अंगठा ठेवतात. जरा फिरला की म्हणतात, "बस. लागला तुमचा हात." त्या दिवशी चेंबर नव्हते. भगवंतरावांना घाई होती, दुसऱ्या दिवशी गाडीत भेंडी भरायची होती. "दे ना इंद्रभान, जे असंन ते," ते म्हणाले. बाबांनी बोल्ट सोडायच्या पान्याचा लांब दांडा उचलला, मधल्या कॅपच्या डाव्या बोल्टवर बसवला आणि त्यांच्या हातात दिला. मी म्हणाले, "काका, तो बोल्ट मोजून आवळला आहे, त्याला हात नका लावू." भगवंतराव हसले. "मोजमाप तू कॉलेजात कर बाई. आमच्या मालाले घाट चढा लागते." हरिओमने कोपऱ्यातला पाइप आणला. "मामा, हा लावा. नाई तं म्हणान भाचा कामाचा नाई." दांड्यावर पाइप चढला. बाबा "बस, बस" म्हणत होते, पण हसत. भगवंतरावांनी पाय रोवला आणि ओढला. दांडा पाऊण फेऱ्याहून जास्त गेला. सहदेवकाका सुद्धा हसायचे थांबले. मधेच एके ठिकाणी दांडा एकदम हलका झाला होता, लोण्यातून फिरावा तसा, आणि भगवंतरावांना वाटले की ती त्यांची ताकद.

ते चहाला गेल्यावर मी बाबांना म्हणाले होते, बोल्ट बदलू. "अकोल्याहून याले चार दिवस लागतात. भाजी थांबते काय?" मग निदान काढून पाहू, मी म्हणाले. "लोखंड हाये ते बेटा. लोखंडाले काय होते." असे म्हणून त्यांनी चेंबर उचलले. बारा दिवसांनी गाडी भरलेली असताना राजूर घाटात तिच्यातून ठोकल्याचा आवाज आला आणि दुसऱ्या वळणाला इंजिन जाम झाले. आज सकाळी ओढून आणली. कॅप बाबांनी स्वतः सोडल्या; मी ब्लॉकच्या पलीकडे तेल झेलत होते.

आणि ट्रेमध्ये नऊ बोल्ट.

भगवंतराव बाहेर लिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसले, हरिओम त्यांच्या बाजूला मोबाइल पाहत. मी बाबांजवळ गेले. "बाबा, एक बोल्ट कमी आहे." "घरंगळला असंन कुठी," ते म्हणाले, आणि त्यांचा उजवा हात खिशाकडे गेला आणि खिशाला न लागता खाली आला. त्यांचा आकाशी शर्ट. डाव्या खिशात चष्म्याचे घर असते. ते आज चहाच्या टेबलावर होते. खिसा तरीही खाली ओढला गेला होता, आणि त्याच्या तळाशी तेलाचा डाग, रुपयाएवढा, मी पाहत होते तेवढ्यात थोडासा वाढला. मला आधी कळले ते असे की बाबा हे सहज बोलत नव्हते, घाबरून बोलत होते. त्याआधी मी बाबांना घाबरलेले पाहिले नव्हते. सहदेवकाकांनी मात्र पाहिले होते आणि मला एकदा सांगितलेही होते. गॅरेज नवे असतानाची गोष्ट. लोक गाडी दारात लावत आणि पाणी आपल्या बाटलीतले पीत. एक ट्रॅक्टर जाम झाला. तेल नव्हते त्यात, मालक घालायला विसरला होता. तरी दुसऱ्या दिवशी दारात माणसे जमली, आणि म्हणत काय होती, तर यांच्या हातालाच गुण नाही. हातालाच. सहदेवकाका म्हणाले, "त्यानंतर तुह्या बापानं हे काढलं. शेवटचा हात मालकाचा. म्हणजे उद्या कोणी म्हणू शकत नाई का फक्त याचाच हात लागला." मी तेव्हा त्याला बाबांची हुशारी समजले होते. आज त्या खिशाकडे पाहताना मला ती पद्धत पहिल्यांदा पुरती दिसली. इतकी वर्षे आम्ही ज्याचे फोटो काढू दिले ते काय होते. स्वतःच्या कामावर दुसऱ्याच्या हाताचा शिक्का मारून घेणे. आणि ज्या दिवशी तो हात खरोखरच इंजिन मोडून गेला, त्या दिवशी शिक्का माझ्यावर.

"खिशात काय आहे?" मी विचारले.

बाबांनी बाहेर पाहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "कायले वाढवून राह्यली. मी पुन्हा बांधून देतो म्हटलं ना."

"तुम्हाला सोडतानाच कळलं. मानेत बारीक झालाय ना तो?"

"हाव."

"मग त्यांना दाखवा."

"काय दाखवू? तो म्हणन, मले दांडा कोणं देल्ला? मीच देल्ला ना." त्यांनी हातातल्या चिंधीला हात पुसले, जे आधीच पुसलेले होते. "वडनेरच्या आठ गाड्या त्याच्या शब्दावर येतात अठी."

"म्हणून माझं नाव सांगितलं."

"तू पोरगी हायेस समता. तुहं लोक इसरून जातात. म्हणतात, शिकून राह्यली होती, चुकली. माहं इसरत नाईत." मग, समजावल्यासारखे : "थोडे दिवस तू समोर सामानाच्या दुकानात बस. इंजिनाले हात नको लावू. चार-सहा महिने. मंग पाहू."

बाबा चूक बोलत नव्हते, हे त्यातले सर्वात वाईट होते. लोक माझे विसरतील हे अगदी खरे आहे. कारण माझ्या हातून काही झाले होते हे त्यांनी मुळात लक्षात घेतलेलेच नसते. दोन वर्षांत मी बांधलेली इंजिने रस्त्यावर आहेत, मेहकरला, डोणगावला, मोताळ्याला, आणि ती इंद्रभानने बांधलेली आहेत. मला त्याचे काही वाटले नव्हते. खरेच नव्हते, पाना वाजला की माझे पुरे होत असे. पण बिघडलेले एकच इंजिन माझे. समोरच्या दुकानात काचेचे कपाट आहे, त्यात फिल्टर आणि पट्टे, आणि कपाटामागे एक उंच स्टूल. मला ते स्टूल दिसले. त्यावर बसलेली मी दिसले, कुणीतरी विचारते आहे, "बाबा आहेत का?" कानांच्या पाळ्या पुन्हा गरम झाल्या. त्याच वेळी बाबांच्या मनगटावरच्या पांढऱ्या केसांना लागलेले काळे तेलही दिसत होते, आणि मला ते पुसावेसे वाटत होते. दोन्ही एकाच वेळी वाटत होते. या दोहोंतले कुठले खरे असे मी स्वतःला विचारले, आणि मग हा प्रश्नच सोडून दिला. ज्याचे माप घेता येते त्याचे घ्यावे.

मी टेबलावरचे चष्म्याचे घर बाजूला केले आणि पांढरे फडके अंथरले. नऊ बोल्ट रॉकेलमध्ये धुतले, पुसले, आणि फडक्यावर ज्या जागेवरून ते निघाले त्या जागेप्रमाणे मांडले. पाच जोड्या, मधल्या जोडीत डावीकडे रिकामी जागा. कपाटातून लांबी मोजायचा डिजिटल व्हर्नियर काढला, जबडे मिटवून शून्य केला. मग दारात जाऊन म्हणाले, "भगवंतराव काका, जरा आत या. हरिओम, तूही ये. तुमच्यासमोर मोजायचं आहे."

"मोजून काय होते आता?" भगवंतराव उठता उठता म्हणाले. "जाम झालं ते झालं. मोजल्यानं फिरंन काय ते?"

"चूक कुणाच्या हातून झाली ते कळेल. बोल्ट जास्त आवळला गेला की ताणला जातो, लांब होतो, आणि मग आखडत नाही. नवा असताना ब्याऐंशी पॉइंट चाळीस ते पंचेचाळीस मिलिमीटर. या इंजिनाच्या पुस्तकात लिहिलंय, त्र्याऐंशीच्या वर गेला तर बोल्ट वापरायचाच नाही. मी सगळे आवळलेत. माझ्या हातून चूक झाली असेल तर इथे दिसेल, आणि मी इंजिनाला पुन्हा हात लावणार नाही." मी व्हर्नियर हरिओमपुढे धरला. "आकडा तू वाच. माझ्या तोंडून नको."

"मी?" त्याने मामांकडे पाहिले. भगवंतरावांना गंमत वाटली. "वाच बे. बारावी सायन्स केलं ना. एवढं तं येईन."

बाबा ब्लॉकपाशी उभे होते. सहदेवकाकांनी हातोडी खाली ठेवली. कॅप सोडताना कडेपासून मध्याकडे यायचे असते, मी मापेही त्याच क्रमाने घेतली. पहिल्या कॅपचा उजवा बोल्ट मी जबड्यात धरला. "ब्याऐंशी पॉइंट त्रेचाळीस," हरिओम म्हणाला. डावा. "ब्याऐंशी पॉइंट चव्वेचाळीस." पाचव्या कॅपचे दोन. "त्रेचाळीस. हाही त्रेचाळीस." "ब्याऐंशी म्हण आधी," भगवंतराव म्हणाले, "पुरं सांग." दुसऱ्या कॅपचा उजवा, जिथे फोन वाजला होता, तो मी एकदा धरून पुन्हा धरला. "ब्याऐंशी पॉइंट चव्वेचाळीस." त्याचा जोडीदार, तो चौथा, ज्याचा आवाज मला सकाळपासून आठवत नव्हता. "ब्याऐंशी पॉइंट त्रेचाळीस." मी श्वास सोडला तो माझा मलाच ऐकू आला. चौथ्या कॅपचे दोन. मग मधलीचा उजवा. "ब्याऐंशी पॉइंट पंचेचाळीस."

"मंग?" भगवंतराव म्हणाले. "सगळे सारखेच तं हायेत. काय सापडलं?"

"नऊ झाले," मी म्हणाले. "दहा असतात."

हरिओमने फडक्यावरची रिकामी जागा पाहिली. तो मधल्या कॅपकडे, मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या पाइपकडे पाहू लागला. "मामा," तो हळूच म्हणाला, "हा तं आपण—" भगवंतराव म्हणाले, "कुठी हाये मंग दहावा?" हे त्यांनी मला विचारले. मी व्हर्नियर पुसला, जबडे मिटवले, शून्य आहे की नाही पाहिले, शून्य होते. बाबांकडे मी पाहिले नाही. मनात ठरवले होते की पाहायचे नाही, नावही घ्यायचे नाही, पण इथून हलायचेही नाही. रस्त्यावरून एसटी गेली आणि पत्रे थोडे हादरले. मला वाटले, बाबा आता म्हणतील, जाऊ दे, घरंगळला. तसे म्हणाले तर मी काय करीन, हे मला माहीत नव्हते. उद्या त्या स्टुलावर बसलेली मी मला पुन्हा दिसली, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हते.

बाबांची चप्पल फरशीवर वाजली. ते टेबलापाशी आले. खिशात घातलेली दोन बोटे अडकली, काढताना शिवण उसवल्याचा आवाज झाला. त्यांनी बोल्ट स्वतःच चिंधीने पुसला, सावकाश, डोक्यापासून टोकापर्यंत, आणि फडक्यावर त्याच्या जागेवर ठेवला.

"भगवंतराव," ते म्हणाले, "दांडा मी देल्ला होता. थांबवाले पाह्यजे होतं, थांबवलं नाई. पोरगी नको म्हणत होती. तुमीही ऐकलं होतं." मग माझ्याकडे वळून : "घे. मोज."

मी बोल्ट जबड्यात धरला आणि व्हर्नियर हरिओमकडे वळवला. त्याने आकडा पाहिला, मामांकडे पाहिले, पुन्हा आकडा पाहिला.

"पुरं सांग," भगवंतराव म्हणाले.

"त्र्याऐंशी पॉइंट एकाहत्तर."